खऱ्या अश्रूंचा सत्कार

"सर, तुम्ही स्वतः शेवटचं खरं-खरं कधी रडला होता?"

हा प्रश्न मी माईकवर विचारणार नाही, अशी भैरवी आणि अर्पितानं पैज लावली होती. विचारला तर आठवडाभर माझा डबा त्या दोघी आणणार, तोही भैरवीच्या आईच्या हातच्या शेंगापोळ्या धरून. मी विचारला. आवाज चिरकला नाही. शाळेच्या पटांगणात, स्टेजवर हारात गळ्यापर्यंत बुडालेले दिग्दर्शक शंभू बिराजे हसले.

"बाळा," ते म्हणाले, "दिग्दर्शक रडत नसतो. रडवत असतो."

टाळ्याच टाळ्या! हेडसर तर उभं राहून वाजवायले. माझ्या बाजूनं फक्त दोन जणी वाजवत नव्हत्या, कारण एकीच्या हातात मोबाईल होता आणि दुसरी शेंगापोळीचा हिशोब करत होती.

मी खाली बसले नाही. पण पुढचं सांगण्याआधी मागचं सांगते, नाहीतर एवढा राग कशाचा ते कळायचं नाही.

मी चौथीत होते. शंभू बिराजे मूळचे शंभुलिंग, आमच्या लोहाऱ्यापासून दोन कोसांवरच्या वाडीतले. मुंबईला गेले आणि शंभू झाले. 'पाचवा पोहरा' नावाचा सिनेमा काढायला ते परत आले. एका आटलेल्या आडात उतरलेला बाप वर येत नाही आणि त्याची पोरगी काठावर बसून राहते, अशी गोष्ट. ती पोरगी मी. बावीस पोरींतून मला निवडलं, डोळे मोठे म्हणून.

दोन दिवस मला रडूच येईना. डोळ्यांत औषध घातलं, कांदा धरला, एका मॅडमनं चिमटा काढला. बिराजे छोट्या टीव्हीत बघायचे आणि मान हलवायचे, "खोटं दिसतंय." तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्यापुढं उकिडवे बसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि कानात म्हणाले, "राजी, तुझ्या अप्पांची जीप पलटी झाली. अप्पा गेले."

माझे अप्पा लोहाऱ्याहून वडापची जीप चालवतात. जीपच्या मागं माझं नाव लिहिलंय, 'राजनंदिनी'. त्या दिवशी सकाळी त्यांनीच मला शूटिंगवर सोडलं होतं.

मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. ते साऱ्या जगानं बघितलंय, मी मात्र दोनदाच बघितलं. एका बाईनं मला धरलं तर मी तिचा हात चावले. आडाच्या काठावर पडले, गुडघा फुटला, त्याची खूण अजून आहे. आणि मग आवाज आला, "कट! ओके! एका टेकमध्ये!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. जनरेटरच्या गाडीमागून अप्पा पुढं आले, हातात चहाचा गिलास. जिवंत. मी त्यांच्या मांडीवर बुक्क्या मारल्या आणि मिठी मारली, दोन्ही एकदम. मला वाटलं, ते तेवढ्यात आले असतील.

सिनेमाला बक्षिसं मिळाली. पोस्टरवर माझं रडणारं तोंड. आणि मग त्याचं स्टिकर झालं. अजून आहे. कुणाचा गणिताचा पेपर अवघड गेला की ग्रुपवर माझं तोंड. कुणाची मॅच हरली, माझं तोंड. नववीपर्यंत मी वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे आणि हजेरीलासुद्धा हळू बोलायचे, कारण तोंड उघडलं की कुणीतरी "रडली, रडली" म्हणायचंच. यंदा शारदा मॅडमनी मला ढकलत-ढकलत तुळजापूरच्या वक्तृत्व स्पर्धेला नेलं. मी पहिली आले. त्या दिवसापासून माझा आवाज मलाच आवडायला लागलाय. घरात पण मी जरा मोठ्यानंच बोलते, आई म्हणते बहिरी न्हाय मी.

आणि बिराजे? ते प्रत्येक मुलाखतीत सांगत फिरायले. 'खऱ्या अश्रूंची पद्धत'. एका ठिकाणी तर म्हणाले, "मी त्या मुलीला पाच मिनिटं अनाथ केलं आणि जन्मभराची कलाकार केलं." हे वाक्य मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. खाली तारीख.

तर शाळेनं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं आणि गावात दोन तट पडले.

"करायचाच सत्कार," भैरवी म्हणाली. "आपण बोलतो तसं कोण बोललंय गं सिनेमात? न्हायतर आपली बोली म्हणजे नोकराच्या तोंडी, लोक हसायला. त्यानं पहिल्यांदा ती रडायला वापरली."

"माझ्या आजीला विचार," अर्पिता म्हणाली. अर्पिताची आजी मथुराबाई त्या सिनेमात घोळक्यात उभी होती. "तिनं पेटीतलं नवं लुगडं नेसलं होतं. यानं सोडायला लावलं. फाटकं नेसवलं, वर धूळ मारली. आजी म्हणती, मेल्या, आमी दुष्काळात बी असं उघडं-वाघडं फिरलो न्हाय."

"आगं पण ते गोष्टीत आहे."

"मग गोष्टीत त्याच्याच आजीला नेसवायचं होतं."

मग दोघी माझ्याकडं बघायच्या. सिनेमा चांगला आहे. हेच तर माझं दुखणं. वाईट असता तर मी थुंकून मोकळी झाले असते. मी दुसऱ्यांदा बघितला तेव्हा त्या पोरीसाठी मलाच रडू आलं, आणि ती पोरगी मी होते.

जीपमध्येही तोच वाद. मागच्या सीटवरचे महांतप्पा म्हणायचे, बक्षीस आणलं म्हंजे मोठा माणूस. एखादी बाई म्हणायची, कसला मोठा, लेकराला बापाचं मरण सांगतोय. "तुमचं काय म्हणणं, बलभीम?" कुणी विचारलं की अप्पा गाण्याचा आवाज वाढवायचे. मला वाटायचं, अप्पांना वाईट वाटतं.

सत्काराच्या दिवशी मानपत्र वाचायचं काम मला होतं. त्याआधी हेडसरांच्या खोलीत चहा द्यायचंही काम मलाच. मी कप पुढं केला. बिराजेंनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "साखर कमी आहे ना?"

ओळखलंच नाही! माझं तोंड विकून गाडी घेतली आणि तोंडच ओळखू आलं नाही.

ते हेडसरांना सांगत होते, "नवा सिनेमा गाडीतच आहे, सर. तीन वर्षांचं काम एवढ्याशा हार्डडिस्कच्या डबीत. दुसरी कॉपी गेल्या आठवड्यात बिघडली. आता हे एकच लेकरू. झोपताना उशाशी घेतो." मी कप गोळा केले. डबी. गाडीत. एकच. एवढं डोक्यात राहिलं. तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं, देवाशप्पथ.

आता प्रश्नावर येते. "रडवत असतो" म्हटल्यावर टाळ्या थांबल्या आणि हेडसरांनी माईक घेतला. "सर, गंमत बघा, प्रश्न विचारणारी कोण आहे? तुमच्या सिनेमातली तीच ती मुलगी!"

"अरे! राजी!" बिराजे उठले. "ये, ये, वर ये. केवढी झालीस!"

मी वर गेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तसाच. आणि सगळ्यांना परत ती गोष्ट सांगितली. जीप कशी पलटी केली, मी कशी पळाले, चावले. चावल्यावर लोक हसले. पाचवीतली पोरंसुद्धा हसली. मग ते म्हणाले, "राजी, एकदा रडून दाखव की सगळ्यांना. जुन्या आठवणीसाठी."

समोर मोबाईल वर झाले. पन्नास-साठ तरी.

सहा वर्षांपूर्वीची मी असते तर खरंच रडले असते. पण आता मी तुळजापूरची पहिली होते.

"दाखवते की, सर," मी म्हणाले. "आधी मानपत्र वाचते."

मानपत्र शारदा मॅडमनी लिहिलं होतं, चौकटीत घालून, कडेनं वेलबुट्टी. मी सगळा जीव ओतून वाचलं. "हे मातीच्या सुपुत्रा! ज्या भूमीत बाभळीच्या सावलीलाही काटे असतात, त्या भूमीत आपण कलेचा वटवृक्ष लाविलात..." बिराजे डोळे मिटून ऐकत होते, डोक्याला भगवा फेटा, मांडीवर शाल, हातात नारळ. "...आपण असत्याच्या खडकातून सत्याचे अश्रू काढिलेत..."

त्या वाक्याशी मी थांबले. मॅडमनी ते कौतुकानं लिहिलं होतं, मॅडमचा काही दोष नाही. पण त्या 'असत्याच्या खडकाखाली' माझा गुडघा फुटलेला होता. मी मान वर केली. फाटकाबाहेर बिराजेंची पांढरी गाडी, काचा बंद, उन्हात चमकत उभी. मी माईक जवळ घेतला, आणि अगदी हळू, त्यांनी माझ्या कानात सांगितलं होतं तेवढ्याच हळू बोलले.

"सर, तुमच्या गाडीतून धूर यायलाय."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मी डोळे मोठे केले, मोठे आहेतच.

काय सांगू! नारळ हातातून सुटून स्टेजवर गडगडत गेला आणि हेडसरांच्या बुटाला लागला. बिराजेंनी पायरी बघितलीच नाही, सरळ उडी मारली. शाल खुर्चीला अडकली. फेटा सुटला, त्याचं टोक मागं फरफटत होतं आणि पोरांनी वाट करून दिली. "चावी! चावी कुठंय!" ते ओरडत होते, आणि आवाज चिरकत होता. मीही उतरून मागं धावले. माझ्याही मागं भैरवी, मोबाईल समोर धरून.

गाडीला काय धाड भरली होती? थंडगार. त्यांनी दार उघडलं, सीटखालची काळी पिशवी ओढली, त्यातली डबी काढून छातीशी धरली. आणि तसेच चाकाला टेकून खाली बसले, मातीत. धूर नाही हे कळलं होतं, तरी डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. नाक लाल. ओठ लटलट. एकदम खरं. खोटं कुठंच दिसत नव्हतं.

मी त्यांच्यापुढं उकिडवी बसले.

"कट," मी म्हणाले. "ओके. एका टेकमध्ये."

मला एवढं बरं वाटलं! खोटं कशाला बोलू. सहा वर्षांची सगळी स्टिकरं एकदम जळून गेल्यासारखं वाटलं. मागं लोक जमले होते. कुणी हसत होतं, कुणी "काय कार्टी हाय" म्हणत होतं. "बरं केलंस गं माझी बाय," मथुराबाईंचा आवाज आला. "आता त्याला फाटकं नेसव." हेडसर धापा टाकत आले आणि माझं नाव घेऊन ओरडले.

बिराजेंनी हातानंच त्यांना थांबवलं. बाहीनं डोळे पुसले. मला वाटलं मारतील. पण ते हळू बोलले, आणि पहिल्यांदाच मुंबईचं बोलले नाहीत.

"कल्पना माजी नव्हती, पोरी. म्या निसता क्यामेरा लावला. तुज्या बापाला इचार. त्यो बघ, तितंच हाय."

फाटकाच्या पलीकडं आमची जीप. पाहुणे घेऊन आलेले अप्पा बाजूला उभे राहून काच पुसत होते. काच आधीच स्वच्छ होती. मी बघितलं तसं ते दुसरी काच पुसायला गेले.

घरी येईपर्यंत अप्पांनी जीपमध्ये गाणं लावलं नाही. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दप्तर फेकलं.

"अप्पा, तुम्ही त्या दिवशी जनरेटरमागं कधीपासून होता?"

अप्पा ओट्यावर बसले, चप्पल न काढता. आईचा हात थांबला. भाकरीचा अर्धा चंद्र झाला.

"सांगा तिला," आई म्हणाली.

"तूच सांग. तुजंच होतं समदं."

"माजं व्हय? डोक्यावर कुणाच्या बसला होता?"

"काय बसला होता?" मी ओरडले.

"कावळा," अप्पा म्हणाले.

आणि मग दोघांनी, एकमेकांचं तोडत, सांगितलं. शूटिंगच्या आदल्या आठवड्यात अप्पा जीप धूत होते. कावळा आला, डोक्यावर बसला, चोच मारली आणि उडाला. आईनं ते बघितलं. कावळा शिवला की माणूस गेल्याचा खोटा निरोप नात्यात धाडायचा, तिकडं कुणीतरी खरं रडायचं, म्हणजे मरण टळतं आणि आयुष्य वाढतं. सगळ्यांना ठावं असलेलं. आईनं तामलवाडीला मामाला फोन केला, जमेल तेवढ्या रडक्या आवाजात सांगितलं. मामानं ठेवला आणि लगेच अप्पांनाच फोन लावला, "काय ओ दाजी, तुमी मेला म्हणं? कधी निघू?"

"आता कोण रडतंय?" आई म्हणाली. "ज्याच्या-त्याच्या खिशात फोन. एका मिनिटात खरं कळतंय. दोन मावश्यांना सांगून बघितलं. एकीनं व्हिडिओ कॉल केला."

"मग?"

"मग फोन नसलेलं असं एकच माणूस राहिलं," अप्पा जमिनीकडं बघत म्हणाले. "तू."

शूटिंगवर बिराजे डोकं धरून बसले होते, पोरगी रडत नाही म्हणून. आई डबा घेऊन गेली होती. तिनंच सांगितलं, असं असं म्हणा, तुमचं बी काम हुईल आन आमचं बी. आणि बिराजेंनी विचारलं, "पण पोरीला?" हे आईनंच सांगितलं, लपवलं नाही. तिनं उत्तर दिलं होतं, "लेकरू हाय, पाच मिंटात विसरंल."

मी विसरले नाही, हे तर सगळ्या जगाच्या मोबाईलवर आहे.

"आन ह्यांचं आयुष्य वाढलं का न्हाय?" आई म्हणाली. "त्याच वर्षी येरमाळ्याच्या उतारावर ब्रेक गेला होता. खरचटलं बी न्हाय."

"मला का नाही सांगितलं?"

तवा तापून धूर यायला लागला, खरा.

"सांगणार होते," आई शेवटी म्हणाली. "पण तू बिराजेवर चिडलीस. मला वाटलं, बरं झालं. आमच्यावर तर न्हाय चिडली."

सहा वर्षं! सहा वर्षं मी चुकीच्या माणसावर दात खाल्ले, म्हणजे अर्ध्या चुकीच्या. त्यानं कानात सांगितलंच ना. आणि वर मिरवला. 'खऱ्या अश्रूंची पद्धत', म्हणे! पद्धत माझ्या आईची, मरण माझ्या बापाचं, अश्रू माझे, आणि मानपत्र याला. आणि हे दोघं सगळं ठावं असून लपवणार, अप्पा तर जीपमध्ये दर वेळी गाण्याचा आवाज वाढवणार. मला कुणावर जास्त राग आला ते ठरवता येईना, म्हणून सगळ्यांवर सारखा धरला.

अप्पांचा फोन वाजला. हेडसर. अप्पा उभं राहूनच "व्हय सर, व्हय सर" म्हणत होते. ठेवला.

"उद्या धा वाजता आपल्याला शाळेत बोलीवलंय," ते म्हणाले. "बिराजे मुक्कामी हायेत. सगळ्यांपुढं माफी मागायची म्हणत्यात. मागून टाक, राजी. तेवढ्यात मिटंल."

"मागून टाक," आई पण म्हणाली. "मोठा माणूस हाय त्यो."

"किती मोठा?"

"म्हंजे?"

"सिनेमा त्यानं चांगला केला. मला मान्य. भैरवीला पण सांगते उद्या, तू बरोबर होतीस. पण तो सत्कार एकट्याचा नव्हता, आई. त्यात तुझं नाव पाहिजे होतं. अप्पांचं पण. आणि मग त्या पोरांनी तुमच्या तोंडांची स्टिकरं करायची."

अप्पांनी आता चप्पल काढली. हळूच, बाजूबाजूला ठेवली.

मी दोघांच्या मधोमध उभी राहिले, तुळजापूरला उभी राहिले होते तशी.

"ऐका. उद्या मी माफी मागणार न्हाय. उद्या मी शाळेतच जाणार न्हाय. सकाळी आठला ओट्यावर ऊन चांगलं पडतंय. तुमी दोघं तिथं बसायचं, अप्पा डावीकडं, आई उजवीकडं. भैरवीचा मोबाईल मी आणणार हाय. कावळा कसा बसला, मामा काय बोलला, डबा घेऊन कोण गेलं, चहाचा गिलास हातात असताना माझं ओरडणं कसं ऐकू आलं, सगळं सांगायचं. आधी सांगून ठेवते, मी कानात येऊन काही बोलणार न्हाय. शेवटी बिराजे पळाले त्याचा व्हिडिओ जोडणार. मग ते शाळेच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर आणि त्यांच्या नंबरवर जाणार. दिग्दर्शन राजनंदिनी बलभीम."

"आन आमाला मधीच रडू आलं तर?" आईनं विचारलं. तिच्या हातावरचं पीठ वाळून गेलं होतं.

"येईपर्यंत मी कट म्हणणार न्हाय."